तुलना कुणाशी?

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरचा लेख १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला आणि आपल्या वैद्यांच्या बटव्यातली एक मुळी पाश्चात्त्य डॉक्टरांच्या टेबलावर जाऊन पोहोचली. उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना त्यांनी ती देऊन पाहिली होती. खरं तर कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहून ठेवलं होतं की, या मुळीने रक्तदाब उतरतो आणि उन्मादही शांत होतो. पण ते लिखाण देशाबाहेर फारसं गेलं नाही. वकिलांचं गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि बघता बघता त्याच्या गोळ्या जगभर खपू लागल्या.

मग तक्रारी येऊ लागल्या. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचं बीपी उतरत होतं, पण त्यांचं मनही उतरत होतं. भूक नाही, झोप नाही, कशात जीव रमत नाही. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की रेसर्पिन शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. धागा जुळल्यासारखा वाटला. सेरोटोनिन कमी झालं म्हणून माणूस उदास झाला, तर ते टिकवून धरणारी गोळी दिली की उदासी जाईल. नैराश्यावरच्या आजच्या औषधांमागचा विचार बराचसा या तर्कावर उभा राहिला.

गंमत अशी, की त्याच १९५५ साली लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये नेमकी उलटी गोष्ट छापली होती. चिंतेने आणि नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांना त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं, एका गटाला रेसर्पिन दिलं, दुसऱ्याला बिनऔषधाची गोळी. रेसर्पिनवाल्यांना बरं वाटलं. पुढे जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा असंही दिसलं की रेसर्पिनने खचलेल्या अनेकांना आधीही नैराश्याचे झटके येऊन गेले होते. मग दोष गोळीचा म्हणायचा, की ज्याला ती दिली त्याच्या प्रकृतीचा? या प्रकरणात आपल्याला पुढे सारखा हाच प्रश्न भेटणार आहे, फक्त गोळी वेगळी असेल आणि ती घेणारी बाई गरोदर असेल.

सेरोटोनिनची ओळखही मुळात मेंदूच्या अभ्यासातून झालेली नाही. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अर्व्हाइन पेज रक्तदाब वाढवणारं द्रव्य शोधत होते. रक्त गोठलं की सीरममध्ये काहीतरी उतरायचं, ते रक्तवाहिन्या आवळायचं आणि त्यांचे सगळे प्रयोग बिघडवायचं. हा उपद्रव एकदाचा बाजूला काढू म्हणून पेज, मॉरिस रॅपोर्ट आणि आर्डा ग्रीन कामाला लागले आणि १९४८ मध्ये त्यांनी तो पकडला. तेच सेरोटोनिन. ते मेंदूतही असतं, हे बेटी ट्वारॉग यांनी त्याच पेज यांच्याकडे काम करताना दाखवलं, आणि तो निबंध छापला गेला तेव्हा १९५३ साल उजाडलं होतं. थोडक्यात, हा रेणू आधी रक्तवाहिन्यांच्या खात्यात नोंदला गेला आणि नंतर मनाच्या. शरीराने ही खाती कधीच वेगळी ठेवलेली नाहीत.

आज नैराश्यासाठी सर्वांत जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्या एसएसआरआय गटातल्या असतात. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही त्यातली नेहमीची नावं. पेशीबाहेर सोडलेलं सेरोटोनिन पुन्हा आत ओढून घेणारा एक पंप पेशींच्या पृष्ठभागावर असतो. या गोळ्या तो पंप बंद पाडतात. मेंदूतल्या पेशींसाठी म्हणून आपण गोळी गिळतो, पण पंप रक्तातल्या प्लेटलेट्सवरही असतो. प्लेटलेट स्वतः सेरोटोनिन बनवू शकत नाही. आतड्यात बनलेलं सेरोटोनिन रक्तातून जाताना ती या पंपाने उचलते आणि साठवते. पंप काही आठवडे बंद राहिला की साठा बराचसा रिकामा होतो. हाच पंप वारेवरही असतो. तेव्हा गरोदरपणात या गोळ्या घेतल्या तर रक्तवाहिन्यांवर काही परिणाम होईल का, ही शंका डॉक्टरांना येणं अगदी स्वाभाविक होतं.

गरोदरपणातलं बीपी हे आजोबांच्या बीपीसारखं नसतं. त्याचं मूळ वारेत असतं. पहिल्या काही महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या पिळदार रोहिण्यांमध्ये शिरतात, त्यांचं स्नायूंचं अस्तर काढून टाकतात आणि त्या अरुंद नळ्यांचे रुंद, सैल पाट करून ठेवतात. आईचं रक्त मग संथपणे, भरपूर येत राहतं. काही जणींत हे काम अर्धवट राहतं. रोहिण्या अरुंदच राहतात, वारेला रक्त पुरत नाही आणि ती वार आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडू लागते, जी सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराला इजा करतात. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं तर त्याला गरोदरपणातला उच्च रक्तदाब म्हणतात. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट्स, मेंदू यांपैकी कशावर परिणाम दिसू लागला, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया. वेळेवर आवरला नाही तर आकडीचे झटके येऊ शकतात. लक्षणं सातव्या-आठव्या महिन्यात दिसतात, पण बिघाड तिसऱ्या-चौथ्या महिन्यातला असतो, हे इथे ध्यानात ठेवायला हवं.

आता आकडे बघू. २००९ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी ५,७३१ बाळंतिणींच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एसएसआरआय न घेतलेल्या बायकांपैकी ९ टक्क्यांचं बीपी गरोदरपणात वाढलं होतं, घेतलेल्यांपैकी १९.१ टक्क्यांचं. गोळी पहिल्या तीन महिन्यांत बंद केलेल्यांत हा आकडा १३.१ होता, पुढेही चालू ठेवलेल्यांत २६.१. प्रीएक्लॅम्प्सियाचे आकडे तर आणखी दचकवणारे: गोळी न घेतलेल्या २.४ टक्के, बंद केलेल्या ३.७, चालू ठेवलेल्या १५.२.

हे वाचून कुठल्याही नवऱ्याने गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली असती. पण जरा थांबून विचारायला हवं, की गोळी पहिल्या तीन महिन्यांत सोडू शकलेल्या बायका कोण होत्या आणि चालू ठेवणाऱ्या कोण? ज्यांना बरं वाटत होतं त्यांनी सोडली. ज्यांना सोडणं झेपणारच नव्हतं त्यांनी चालू ठेवली. हा फरक गोळीतला नाही, आजाराच्या तीव्रतेतला आहे. जुलैत दादर स्टेशनबाहेर उभं राहून मोजणी केली, तर छत्री घेतलेल्यांचे पाय बिनछत्रीवाल्यांपेक्षा जास्त भिजलेले आढळतील, कारण ज्यांच्या वाटेत पाऊस होता त्यांनीच छत्री उघडली. छत्रीने पाय भिजतात, असं त्यावरून कुणी म्हणत नाही. औषधांच्या बाबतीत मात्र आपण ते सर्रास म्हणतो.

आणि इथे पाऊस, म्हणजे नैराश्य, स्वतःच बीपी वाढवू शकतं असं मानायला आधार आहे. हेलसिंकीत झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींना गरोदरपणाच्या सुरुवातीलाच नैराश्य आणि चिंता यांबद्दल प्रश्न विचारले होते. ज्यांना यांपैकी काही होतं त्यांच्यात पुढे प्रीएक्लॅम्प्सियाची शक्यता साधारण तिप्पट आढळली. मन खचलेली बाई नीट जेवत नाही, झोपत नाही, तपासणीला जायचं टाळते. पाश्चात्त्य देशांत तिचं धूम्रपान आणि वजन हेही मुद्दे असतात. शिवाय ताणाची संप्रेरकं रक्तवाहिन्यांवर थेट काम करतात ते वेगळंच.

२०१२ मध्ये माँट्रियलचा अभ्यास आला आणि वर्तमानपत्रांतून बराच गाजला. क्यूबेक प्रांतातल्या नोंदींमधून मेरी डी व्हेरा आणि अनिक बेरार यांनी गरोदरपणात बीपी वाढलेल्या १,२१६ बायका घेतल्या आणि प्रत्येकीमागे बीपी न वाढलेल्या दहा. पहिल्या गटातल्या ३.७ टक्के बायकांनी नैराश्यावरची औषधं घेतली होती, दुसऱ्या गटातल्या २.५ टक्के. नैराश्य आणि चिंतेच्या निदानाचा हिशेब वजा करूनही औषधं घेणाऱ्यांत धोका दीडपट निघाला, पॅरॉक्सेटिनसाठी त्याहून थोडा अधिक. ‘गोळ्यांमुळे धोका दीडपट’ या मथळ्याला एवढं पुरेसं होतं.

पण ३.७ टक्के म्हणजे मोजून ४५ बायका. एवढ्या थोड्या जणींवरून काढलेल्या ‘दीडपट’ला दोन्ही बाजूंनी ऐसपैस मोकळी जागा असते. खुद्द संशोधकांनीच ती १.०१ ते २.३३ अशी दिली आहे. म्हणजे खरा आकडा ‘जवळजवळ काहीच फरक नाही’ इथपासून ‘दुपटीहून जास्त’ इथपर्यंत कुठेही असू शकतो. निदानाचा हिशेब वजा केला, हे खरं. पण सरकारी नोंदीत ‘नैराश्य’ एवढंच लिहिलेलं असतं. ते किती खोल होतं, बाई दिवसभर अंथरुणात पडून होती की ऑफिसला जात होती, हे त्यात कुठून कळणार?

माझ्या मते या विषयातलं सर्वांत शहाणपणाचं काम क्रिस्टिन पाम्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, आणि तेही फक्त तुलनेचा गट बदलून. गोळी घेणाऱ्या बायकांची तुलना त्यांनी सगळ्या गरोदर बायकांशी केलीच नाही. ज्यांना नैराश्याचं निदान झालं होतं पण ज्या गोळी घेत नव्हत्या, त्यांच्याशी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेच्या मेडिकेड योजनेतल्या नैराश्य असलेल्या एक लाखाहून अधिक गरोदर बायका होत्या. गोळी न घेणाऱ्यांत प्रीएक्लॅम्प्सिया ५.४ टक्के. एसएसआरआय घेणाऱ्यांचा धोका त्यांच्या तुलनेत १.०० पट, म्हणजे तेवढाच. धोक्याचा सगळा डोंगर, तुलनेचा गट बदलताच सपाट.

मात्र सगळ्याच गोळ्यांच्या बाबतीत तो सपाट झाला नाही, आणि हा भाग बातम्यांत कधीच येत नाही. एसएनआरआय गटातल्या औषधांसाठी, म्हणजे व्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन वगैरेंसाठी, धोका १.५२ पट राहिला. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या ट्रायसायक्लिक औषधांसाठी १.६२ पट. त्याच चमूच्या आधीच्या, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या अभ्यासातही क्रम हाच होता: एसएसआरआय सर्वांत खाली, एसएनआरआय मध्ये, ट्रायसायक्लिक वर. दोन वेगळ्या देशांत, वेगळ्या नोंदवह्यांत तीच उतरंड दिसली की कान टवकारावेत. कारणही सुचतं. ही दोन्ही कुळं सेरोटोनिनबरोबर नॉरएपिनेफ्रिनचा पंपही बंद करतात, आणि नॉरएपिनेफ्रिन हे रक्तवाहिन्या आवळणारं शरीराचं हुकमी अस्त्र. व्हेनलाफॅक्सिनचा डोस वाढवला की गरोदर नसलेल्या माणसाचंही बीपी वाढू शकतं, हे मानसोपचारतज्ज्ञांना पाठ असतं. तरीही नैराश्य फार जुनाट आणि हट्टी असेल तेव्हाच बहुधा ही औषधं निवडली जातात, त्यामुळे छत्रीचा संशय इथेही पूर्ण फिटत नाही.

दीडपट म्हणजे किती, हेही पाहून घेऊ. शंभर जणींत पाच-सहा जणींना होणारी गोष्ट आठ-नऊ जणींना होईल. उरलेल्या एक्क्याण्णव-ब्याण्णव जणींना होणार नाही. हा वाढीव धोका खोटा नाही, नगण्यही नाही. पण तो असा आहे, की ज्यावर नजर ठेवता येते.

आपल्याकडच्या घरात मात्र नजर ठेवण्याआधी गोळी बंद होते. “पोटुशी आहेस, आता त्या डोक्याच्या गोळ्या कशाला?” हे सासूबाई म्हणतात, आई म्हणते, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. दिवस राहिल्याचं कळलं त्या संध्याकाळी पट्टी कपाटात मागे जाते आणि मानसोपचारतज्ज्ञाला कुणी विचारतही नाही. अचानक गोळी सोडली की पहिल्या आठवड्यात चक्कर, मळमळ, अंगात झिणझिण्या, विचित्र स्वप्नं. आणि हे सगळं डोहाळ्यांच्या खाती जमा होतं. खरा प्रश्न त्यानंतरच्या महिन्यांत येतो. २००६ मध्ये ली कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१ गरोदर बायकांच्या पाठपुराव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्यांना आधी गंभीर नैराश्य येऊन गेलं होतं आणि गोळीने त्या सावरल्या होत्या. गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांना गरोदरपणात आजार उलटला. बंद करणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांना.

हा आकडा गोळीच्या बाजूचे लोक फार आवडीने सांगतात, म्हणून त्याचीही झडती घ्यायला हवी. त्या बायका मोठमोठ्या मनोविकार केंद्रांत उपचार घेणाऱ्या होत्या, म्हणजे आजार मुळात जड असलेल्या. २०११ मध्ये किंबर्ली याँकर्स यांनी साध्या प्रसूती दवाखान्यांतून आलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात गोळी चालू ठेवणाऱ्या आणि सोडणाऱ्यांत असा ठळक फरक दिसला नाही. ज्यांना पूर्वी नैराश्याचे अनेक झटके येऊन गेले होते, त्यांच्यात मात्र आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणून कुणी गोळी सोडावी आणि कुणी नाही, याचं उत्तर त्या बाईच्या गेल्या काही वर्षांत असतं, वर्तमानपत्रातल्या मथळ्यात नसतं. एकदा कधीतरी सौम्य उदासी आलेली बाई गरोदरपणाआधी, सावकाश, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी उतरवू शकते. आत्महत्येचा प्रयत्न होऊन गेलेल्या बाईला तोच सल्ला देणं म्हणजे बीपीच्या भीतीपोटी तिला त्याहून मोठ्या संकटात लोटणं.

गोळी हाच एक उपाय आहे, असंही नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर बायकांचा पुढे मागोवा घेतला. २००२ मध्ये त्यांनी लिहिलं, की बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं आणि त्यांतल्या ७८ टक्क्यांना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झालेला होता. म्हणजे ज्याला आपण बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतो, ते बहुतेक वेळा पोट दिसायला लागलं तेव्हापासूनचंच असतं. विचारत कुणी नाही. पुढे गोव्यातच, गावातल्याच अनुभवी आयांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी अशा गरोदर बायकांना समुपदेशन देण्याचा प्रयोग झाला. २०१९ मध्ये त्याचे निकाल आले. उपयोग मर्यादित होता, पण मोजता येण्याजोगा होता. सौम्य ते मध्यम नैराश्यात आधी बोलण्याचा हा उपचार करून पाहावा, हे बहुतेक मार्गदर्शिका सांगतात. अडचण एवढीच, की तो मिळतो कुठे? तालुक्याच्या गावी गोळी मिळते, समुपदेशक मिळत नाही. या वस्तुस्थितीत गोळीला नावं ठेवणं मला ढोंगीपणाचं वाटतं.

गोळी चालू असलेल्या बाईने काय करायचं, तर बीपी नीट मोजून घ्यायचं. ‘नीट’ला इथे अर्थ आहे. तपासणीच्या दिवशी रांगेत दोन तास उभी राहिलेली बाई जिना चढून येते, टेबलाशेजारच्या स्टुलावर टेकते न टेकते तोच नर्स ब्लाउजच्या बाहीवरच पट्टा गुंडाळते, हात हवेत लोंबकळत असतो आणि त्याच वेळी ‘कितवा महिना?’ हेही विचारून होतं. अशा मोजणीतून आलेला आकडा कार्डावर कायमचा बसतो. पाच मिनिटं पाठ टेकून बसायला हवं, पाय जमिनीवर, बाही वर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला, पट्टा दंडाच्या मापाचा, आणि तोंड बंद. आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा. वाढलेलं बीपी निसटू नये म्हणून हे जेवढं गरजेचं, तेवढंच ते उगाच कुणाच्या माथी मारलं जाऊ नये म्हणूनही.

पहिल्या भेटीतच गोळीचं नाव आणि डोस स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायला हवा. लाज वाटून लपवलेली गोळी ही घेतलेल्या गोळीपेक्षा धोक्याची. बाईचा एकूण धोका जास्त वाटला, म्हणजे आधीच्या खेपेला बीपी वाढलं होतं, मधुमेह आहे, जुळं आहे, तर डॉक्टर सोळाव्या आठवड्याच्या आत कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. २०१७ च्या अस्प्रे चाचणीत जास्त धोका असलेल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं, तेव्हा मुदतीआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. हे अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने घ्यायचं नाही, कारण ते आणि एसएसआरआय दोन्ही प्लेटलेट्सवर काम करतात आणि रक्तस्रावाचा विचार डॉक्टरांनाच करावा लागतो. विसाव्या आठवड्यानंतर डोकं ठणकायला लागलं आणि थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, छातीच्या खाली उजवीकडे दुखू लागलं, चेहऱ्यावर आणि बोटांवर एकदम सूज आली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही. नैराश्याच्या रुग्णाबाबत इथे एक खास घोळ होतो. तिचं डोकं दुखतं म्हटलं की घरचे आणि कधी डॉक्टरही ‘टेन्शन घेते’ म्हणून सोडून देतात. तिचं बीपी आधी मोजा, टेन्शनचं नंतर बघता येईल.

बीपी वाढलंच तर लॅबेटेलॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा देतात. यातलं मिथिलडोपा हे आपल्याकडच्या प्रसूतिगृहांतलं फार जुनं आणि भरवशाचं औषध, पण त्याने मन उदास होऊ शकतं. ब्रिटनच्या नाईस या संस्थेची मार्गदर्शिका तर बाळंतपणानंतर दोन दिवसांच्या आत ते बंद करून दुसरं सुरू करा, असं सांगते. नैराश्याचा इतिहास असलेल्या बाईला ते लिहून देण्यापूर्वी प्रसूतितज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी एकमेकांना एक फोन करायला हवा. बहुतेक वेळा दोघांच्या चिठ्ठ्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत असतात आणि दोघांनीही एकमेकांची वाचलेली नसते.

बाळ झालं की बीपीचा विषय संपला, असं घरी धरून चालतात. प्रत्यक्षात बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा चढू शकतं, आणि तोपर्यंत ओली बाळंतीण घरी आलेली असते. नैराश्य उलटण्याचा काळही हाच, रात्रीची झोप मोडलेली असते तेव्हाचा. सर्ट्रालिन दुधातून बाळापर्यंत अगदी थोडं पोहोचतं, त्यामुळे अंगावर पाजते आहे म्हणून ते बंद करायची सहसा गरज पडत नाही. घरात दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र असेल तर पहिला आठवडा रोज सकाळ-संध्याकाळ मोजावं. नसेल तर बाळाला बघायला येणाऱ्या आशाताईंना किंवा नर्सबाईंना बाळाचं वजन करून झाल्यावर आईचंही बीपी बघायला सांगावं.